बाबांच्या २६४० रेकॉर्ड: विकू, देऊ की ठेवू?

हिरवाचाफा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज मदत हवी म्हणून धागा काढते आहे.

बाबा गेल्या वर्षी आषाढात गेले. टेलिफोन खात्यात होते. नोकरी लागल्यापासून त्यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्ड जमवल्या. मागच्या रविवारी मी आणि मुलीने बसून मोजल्या. एलपी (मोठ्या, बारा इंची) ११४०, ईपी (लहान, सात इंची) ९००, आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या काळ्या तबकड्या ६००. बहुतेक हिंदी आणि मराठी सिनेमा, थोड्या इंग्रजी सिनेमांच्या संगीताच्या. निम्म्याअधिक जुन्या बाजारातून आणलेल्या. बुधवारी नाही जमलं तर रविवारी, पण आठवड्यातून एक फेरी ठरलेली. सायकलच्या कॅरिअरला पुठ्ठा बांधून त्यात उभ्या लावून आणायचे.

एरंडवण्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जातेय. तीन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची आहे. आई माझ्याकडे वारज्याला येईल. माझं घर साडेसहाशे स्क्वेअर फूट आणि आई धरून पाच माणसं.

भाऊ परदेशात आहे, तो म्हणतो विकून टाक. मावसभाऊ म्हणतो एखाद्या संस्थेला दे. एक विक्रेता येऊन गेला, त्याने सगळ्याचा मिळून ठोक भाव सांगितला. रक्कम वाईट नव्हती. पण तो बघत होता तेव्हा त्याचा हात फक्त पंचमच्या (आर. डी. बर्मन यांच्या) एलपींवर थांबत होता. ७८ च्या खोक्यांची झाकणंही त्याने उघडली नाहीत. तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि मी ‘कळवते’ म्हणून त्याला चहा देऊन पाठवलं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आणि काय मुळीच करू नये, तेही सांगा.

धनकवडी_४३

ठोक भावात देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण एवढं आधी लिहून जातो.

अटकेपार

ताई, थोडं कडू लिहितो, राग मानू नका. माझ्या काकांचा असाच संग्रह आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून गावच्या घरी माळ्यावर ठेवला. कोकणातले तीन पावसाळे गेले. उघडून पाहिलं तर कव्हरं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला, आणि रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके. न ठरवणं हाही एक निर्णयच असतो आणि तो सगळ्यात वाईट. विका, पण आत्ता विका. ज्याला ऐकायची आहे त्याच्याकडे जाऊ दे.

तबकडीवाला

हिरवाचाफा, आधी एक लांब श्वास घ्या. तीन महिने पुष्कळ झाले.

मी गेली तीस वर्षं जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे एक संग्रह नाही, तीन आहेत. तिन्हींचं नशीब वेगळं असतं.

एलपींना आज बाजार आहे. तरुण मुलं रेकॉर्ड प्लेअर घेतायत, कंपन्यांनी जुने साउंडट्रॅक नव्याने छापले आहेत. तुमचा विक्रेता पंचमवर का थांबला ते त्याचं गणित आहे, त्यात त्याचा दोष नाही.

ईपी म्हणजे सात इंची, बहुतेक चार गाण्यांची. तिला भाव कमी, पण मराठी सिनेमासाठी ती फार मोलाची. कितीतरी मराठी चित्रपटांची गाणी एलपीपर्यंत पोचलीच नाहीत.

आणि ७८. ही प्लास्टिकची नाही, लाखेची. दहा इंची, एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. पडली की फुटली. यातली काही गाणी पुढे कधीच कुठे आली नाहीत, ना कॅसेटवर, ना सीडीवर, ना फोनवर. विक्रेत्याने जी खोकी उघडली नाहीत, मी असतो तर ती सगळ्यात आधी उघडली असती.

म्हणून पहिलं काम यादी. लेबलवरचा रेकॉर्ड नंबर लिहा, कव्हरवरचा नको, कारण कव्हरं अदलाबदल झालेली असतात. सिनेमा, वर्ष असेल तर वर्ष, दोन्ही बाजूंची गाणी, आणि तडा-ओरखडा. वर्षासाठी आणि नंबर ताडून पाहण्यासाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा हिंदी फिल्म गीत कोश बघा, दशकवार खंड आहेत. यादीशिवाय विकलंत तर फसाल आणि यादीशिवाय दान दिलंत तर संग्रह हरवेल.

सुईदोरा

आमच्या ह्यांना हा धागा दाखवला. २६४० आकडा वाचून ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, ‘बघ, माझ्या फक्त ३१० आहेत.’ आता घरात चौथं कपाट येणार हे मी समजून चालले आहे 🙂

हिरवाचाफा, विनोद बाजूला. आईंना काय वाटतं ते विचारलंत का?

नवशिका

काका, ‘आलम आरा’ची रेकॉर्ड असली तर किती किंमत येईल? म्हणजे ताईंच्या ६०० मध्ये असू शकेल ना?

तबकडीवाला

नवशिका, नाही असणार. ‘आलम आरा’ (१९३१) मधल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. कुणी विकायला आणली तर हात जोडून घरी परत या.

मुठाकाठ

यादीवरून आठवलं म्हणून लिहिते.

आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. आजोबांच्या तबकड्या तळमजल्यावर लाकडी पेटीत होत्या. पाणी उतरल्यावर चार दिवसांनी चिखलातून ती पेटी काढली. आजोबांनी एकेक तबकडी अंगणात बादलीत बुडवून, पंचाने पुसून, भिंतीला टेकवून उभी केली. पाण्याने लाखेला काही झालं नव्हतं. पण मधली कागदी लेबलं सगळी सुटून गेली होती. लाल, निळ्या, हिरव्या कागदाचे तुकडे बादलीत तरंगत होते, ते मला अजून दिसतात.

त्यानंतर आमच्या घरी साठेक तबकड्या अशा होत्या की वाजवल्याशिवाय कुठली ते कळायचं नाही. आजोबा म्हणायचे, ‘आज काय निघतंय बघू.’ आजही त्यातल्या बावीस माझ्याकडे आहेत. काही ओळखू येतात, काही नाही. तेव्हा यादी खरंच करा हो. नाव गेलं की गाणं पोरकं होतं.

तबकडीवाला

मुठाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक सांगतो, त्या बावीस तबकड्या बॅटरीच्या उजेडात तिरप्या धरा. लेबलाच्या कडेला, जिथे रेषा संपतात तिथे, गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरं-आकडे दाबलेले असतात. तो मॅट्रिक्स नंबर. तो कागदावर नसतो, तबकडीच्या अंगातच असतो, त्यामुळे पुराने जात नाही. त्यावरून पुष्कळदा गाणं शोधता येतं. फोटो काढून मला पाठवा, मी बसतो.

मुठाकाठ

साठ वर्षं हातात असून हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळच्या उन्हात बघते.

पेशवेपार्क

मी संस्थेला देण्याच्या बाजूने. आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, स्थापना १९६४ ची. तिथे नुसत्या फिल्म्स नाहीत, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रं, ध्वनिमुद्रिकाही आहेत. पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते उभं केलं. शेजारी फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ. प्रभातच्या गाण्यांच्या तबकड्या तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर घरात पडून राहाव्यात, हे मला पटत नाही.

धनकवडी_४३

पेशवेपार्क, भावना समजते पण माझा अनुभव सांगतो. माझ्या वडिलांची साताठशे पुस्तकं आम्ही एका वाचनालयाला दिली. नाव लिहीत नाही. हारतुरे झाले, फोटो निघाला. चार वर्षांनी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात त्यातलं एक मला मिळालं. आत वडिलांची सही आणि वर वाचनालयाचा शिक्का. वीस रुपयांना परत विकत घेतलं. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

तेव्हा देताना लेखी घ्या. काय घेणार, काय नाही, नको असेल ते परत करणार का. आणि नुसती खोकी नेऊन दारात ठेवू नका, कुठल्याच संस्थेच्या.

पेशवेपार्क

हे मान्य. आधी पत्र आणि यादी, मग खोकी. आणि संस्थेकडे आधीच असलेल्याच रेकॉर्ड पुन्हा दिल्या तर त्यांनी तरी काय करायचं? मुंबईची रेकॉर्ड कलेक्टर्स सोसायटीही आहे, १९९० पासूनची. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर फार मोलाचं लिहून ठेवलंय. तिथेही विचारावं.

भोंगा

माझे वडील नाना पेठेत लाउडस्पीकरचा धंदा करायचे. लग्न, मुंज, सत्यनारायण, गणपती. एका पत्र्याच्या ट्रंकेत दोनशे तबकड्या, आणि चपट्या डबीत पोलादी पिना. नियम असा की एक बाजू वाजली की पिन बदलायची. पण मांडवात कोण बदलतो? एकच पिन दहा-दहा बाजूंना चालायची, आणि ती पिन रेकॉर्डची रेघ खरवडून काढायची. म्हणून जुन्या बाजारातल्या ७८ ऐकताना मागे तो खरखर आवाज येतो. ताई, तुमच्या तबकड्यांच्या लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटने कुणा साउंडवाल्याचं नाव घातलेलं असेल तर ती आमच्यासारख्यांच्या ट्रंकेतली.

‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद टॉकीजला अडीच वर्षं चालला. त्या काळात वडिलांनी ‘बुगडी माझी सांडली गं’च्या तीन प्रती झिजवल्या, म्हणजे शब्दशः झिजवल्या. चौथी आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, खाताय का काय?

हिरवाचाफा

भोंगा, आत्ता उठून पाहिलं. अकरा तबकड्यांवर पांढऱ्या रंगात नावं आहेत! मला वाटायचं ते बाबांनी रंगवलंय.

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीला बसले आहे, मुलगी लॅपटॉपवर टाइप करते आणि मी वाचून दाखवते. २१० झाल्या. एक शंका. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी आहे, ‘आएगा आनेवाला’. लेबलवर गायिका म्हणून ‘कामिनी’ लिहिलंय. ही कोण? की छपाईची चूक?

विदर्भवारा

चूक नाही हो ताई. कामिनी हे त्या सिनेमातल्या मधुबालेच्या पात्राचं नाव. तेव्हा रेकॉर्डवर कितीदा पार्श्वगायकाचं नाव नसायचंच, पडद्यावर गाणाऱ्या पात्राचं छापायचे. आवाज लताबाईंचा, आणि नाव नाही. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारायचे, ही कोण गातेय म्हणून. जपून ठेवा ती.

सुईदोरा

अंगावर काटा आला हे वाचून. मी ते गाणं हजारदा ऐकलंय, फोनवर. फोनवर कामिनी नाही.

विदर्भवारा

रेडिओचा विषय निघालाच आहे तर, १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तिथले निवेदक अमीन सयानी घरोघरी पोचले. विविध भारती आली १९५७ च्या ऑक्टोबरात. मधली पाच वर्षं ज्यांच्या घरी तबकड्या होत्या त्यांची चलती. आमच्या नागपूरच्या वाड्यात एकाकडे ग्रामोफोन होता, सगळा वाडा संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर.

अटकेपार

काका, रेडिओचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे ताईंना तीन महिने आहेत.

मला एक सांगा, सगळं डिजिटल करून मूळ रेकॉर्ड विकल्या तर? गाणी पण राहतील आणि जागा पण सुटेल.

तबकडीवाला

हिशोब करू. एलपी सरासरी ४० मिनिटं धरली तर ११४० चे ७६० तास. ईपी १३ मिनिटं, ९०० चे १९५ तास. ७८ च्या दोन बाजूंची साडेसहा मिनिटं, ६०० चे ६५ तास. बेरीज १०२० तास. हे नुसतं वाजवण्याचं, कारण रेकॉर्ड घाईने वाजवता येत नाही. पुसणं, पिन बघणं, नाव देणं धरलं तर दुप्पट. रोज दोन तास बसलात तरी नुसतं वाजवायला ५१० दिवस.

आणि बहुतेक एलपी आधीच चांगल्या डिजिटल झालेल्या आहेत, कंपन्यांनी मूळ टेपवरून केलेल्या. त्यांच्यामागे वेळ घालवू नका. ७८ चे ६५ तास मात्र घाला. त्यासाठी पिन वेगळी लागते. एलपीची बारीक पिन ७८ च्या रुंद रेघेत तळाशी लोळते आणि सगळी खरखर उचलते. आणि उलट केलंत, जाड पिन एलपीवर ठेवलीत, तर एलपी संपली.

अजून एक. जुन्या गाण्यांत सिनेमातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं नेहमी एकच नसतं. साडेतीन मिनिटांत बसवायला कडवं गाळलेलं असतं, कधी तबकडीसाठी वेगळं ध्वनिमुद्रण केलेलं असतं. कधी उलटं, तबकडीवरचं कडवं सिनेमात नसतं. म्हणजे ‘गाणं आहे ना यूट्यूबवर’ म्हणून तबकडी टाकून देऊ नये.

नवशिका

मी स्वच्छ करायला येऊ शकतो ताई, कर्वेनगरलाच राहतो. माझ्याकडे स्पिरिट आणि मायक्रोफायबर आहे.

तबकडीवाला

नवशिका, थांब! ७८ ला स्पिरिट लावायचं नाही. मुळीच नाही.

हे मी चूक करून शिकलोय. पहिल्या वर्षी एका चकचकीत तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा-तपकिरी झाला तेव्हा मला वाटलं, वा, केवढा मळ निघाला. मळ नव्हता, तबकडीच होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश कसं करतात? वाळल्यावर तिथे राखाडी, मऊसर डाग राहिला आणि त्या जागी गाण्याऐवजी वारा वाहिल्यासारखा आवाज. शांता हुबळीकरांची ‘माणूस’मधली तबकडी होती. ‘कशाला उद्याची बात’. अजून ठेवलीय, फेकवत नाही.

साधं डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, रेघेच्या दिशेने गोल. लेबल ओलं करायचं नाही. लगेच कोरडं.

नवशिका

बापरे. बरं झालं विचारलं. स्पिरिट घरी ठेवून येतो.

कायदेकानू

डिजिटल करून ‘सगळ्यांसाठी टाकू’ असा विचार कुणी मांडायच्या आधी सांगते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० ला निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण हा फक्त ध्वनिमुद्रणाचा हक्क. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. जतनासाठी स्वतःच्या घरी प्रत करून ठेवणं वेगळं आणि जगासाठी टाकणं वेगळं. एवढं लक्षात ठेवा.

पेशवेपार्क

अवांतर, पण इंग्रजीत साउंडट्रॅक म्हटलं की सिनेमाचं पार्श्वसंगीतही आलं आणि आपल्याकडे साउंडट्रॅक म्हणजे गाणी. पार्श्वसंगीत रेकॉर्डवर क्वचितच यायचं. ‘शोले’च्या (१९७५) तर संवादांचीच एलपी निघाली आणि ती सोसायटीच्या गणपतीत लाउडस्पीकरवर लागायची. गब्बर आरतीआधी बोलून जायचा.

भोंगा

खरं आहे! वडिलांना लोक सांगायचे, गाणी राहू देत, शोले लावा.

हिरवाचाफा

मंडळी, पंधरा दिवस गायब होते. यादी १७०० पर्यंत आली आहे. पण लिहायला आले ते वेगळ्याच कारणासाठी.

आईच्या कपाटातून, चादरींच्या खालून, बाबांच्या पाच वह्या निघाल्या. लांब, लाल पुठ्ठ्याच्या, दुकानदार हिशोबाला वापरतात तशा. प्रत्येक रेकॉर्डला क्रमांक, आणि तोच क्रमांक कव्हरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने. मी इतके दिवस तो कोपरा विक्रेत्याचा भाव समजत होते. एक नोंद जशीच्या तशी उतरवते:

‘४१७. जुना बाजार, बुध. ३ रु. मागितले ५. उजवीकडे केसाएवढा तडा, पहिल्या कडव्यात टक्-टक्, पुढे स्वच्छ. कव्हर दुसऱ्याचे.’

आणि शेवटी एक बारीक रकाना. वर लिहिलंय ‘सौ.’ त्यात बरोबरची खूण किंवा फुली.

मी आईला विचारलं. ती बराच वेळ वही हातात धरून बसली. तिला हा रकाना माहीतच नव्हता. म्हणाली, ‘मी कधी बोलले नाही, आवडलं की नाही ते. पोळ्या करता करता ऐकायचे. त्यांनी कशावरून लिहिलं?’ मग तिने फुल्या मोजल्या, एकूण अडतीस. आणि म्हणाली, ‘या वाजवल्याच नाहीत त्यांनी मी घरात असताना. यातली एकही मला आठवत नाही. लाव.’

आता रोज रात्री जेवणं झाली की मी आणि आई त्या अडतीस ऐकतो आहोत. बाबांचा जुना एचएमव्ही फिएस्टा चालू आहे अजून, पट्टा नवीन घातला. काल सातवी लावली. सातपैकी दोन तिला आवडल्या. तिने पेन्सिल मागून घेतली आणि फुलीशेजारी खूण केली.

सुईदोरा

ऑफिसात वाचलं. डोळे पुसत कॅन्टीनला गेले.

मुठाकाठ

चाफा, आईंना नमस्कार सांग.

तबकडीवाला

हिरवाचाफा, माझं मत बदललं आहे. मी म्हणालो होतो तीन संग्रह आहेत. नाही. वह्यांमुळे तो एक झाला. पुण्यातल्या एका माणसाने कोणती रेकॉर्ड कुठे, कोणत्या वारी, काय भावाने घेतली, कोणती घासलेली होती, हे चाळीस-पन्नास वर्षं सलग लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्याकडेही असं काही नाही, माझ्या ११०० रेकॉर्ड नुसत्या कपाटात उभ्या आहेत.

काहीही करा, पण वह्या आणि रेकॉर्ड वेगळ्या करू नका. निदान वह्यांची स्कॅन प्रत प्रत्येक वाट्याबरोबर जाऊ दे, आणि कोपऱ्यातला पेन्सिलचा क्रमांक कुणालाही खोडू देऊ नका.

अटकेपार

माझंही मागे घेतो. ‘आत्ता विका’ म्हणालो होतो. काकांची अशी वही असती तर मी माळ्यावर काही राहू दिलं नसतं.

धनकवडी_४३

तरी वारज्याच्या घरात २६४० मावणार नाहीत. सगळं मिळून वजनच साडेचारशे किलोच्या आसपास जाईल. ठरवावं लागेलच.

हिरवाचाफा

हो, आणि ठरवलंय. वह्यांनीच सोपं केलं. बाबा एकाच रेकॉर्डच्या दोन-तीन प्रती घ्यायचे. एकीचं कव्हर चांगलं म्हणून, दुसरीचा आवाज चांगला म्हणून. वहीत ‘जोड ४१७’ असं लिहिलंय. अशा जोडांच्या २८० एलपी निघाल्या. त्या विकणार, पण ठोक नाही, यादी लावून एकेक. नवशिका, तू पहिल्या वीस निवड. दर तू आणि तबकडीवाले काका मिळून ठरवा, मला घासाघीस येत नाही.

मराठी सिनेमाच्या सगळ्या ईपी आणि ७८ ची यादी, वह्यांच्या स्कॅनसह, चित्रपट संग्रहालयाला पत्राबरोबर पाठवली. उत्तर येईपर्यंत त्या माझ्याकडेच राहतील. नाही म्हणाले तरी त्या विकायच्या नाहीत, हे आईचं आणि माझं ठरलंय. ७८ चे ६५ तास मी स्वतः बसून करणार आहे.

राहिलेल्या एलपींसाठी भावाशी बोलले. त्याला वहीतलं एक पान पाठवलं. त्याच्या बारशाच्या दिवशी बाबांनी घेतलेली रेकॉर्ड होती, पुढे लिहिलंय ‘पेढ्यांच्या पैशांतून’. तो दोन दिवस बोलला नाही, मग फोन करून म्हणाला, मोठं घर भाड्याने बघ, फरक मी देतो. वारज्यातच तीन खोल्यांचं बघतेय.

फक्त एक प्रश्न उरला. हे सगळं हलवायचं कसं? मूव्हर्सवाल्याने खोकी आडवी रचून दाखवली आणि मी त्याला नको म्हटलं.

तबकडीवाला

योग्य केलंत. आडवी कधीच नाही, वजनाने खालच्या वाकतात. उभ्या, घट्ट पण दाबून नव्हे. एका खोक्यात एलपी पन्नासच, म्हणजे बारा किलोच्या आत. ७८ तीसच, आणि प्रत्येक दोनांमध्ये पुठ्ठा. टेम्पो उन्हात उभा करायचा नाही, एलपी तासाभरात पापडासारखी होते.

भोंगा

टेम्पो माझा. साउंडचा धंदा अजून आहे, गाडीला ताडपत्री आणि आतून फोम आहे. पैशांचं बोलायचं नाही.

हिरवाचाफा

लिफ्ट नाही, तिसरा मजला, खोकी पन्नासच्या वर होतील.

नवशिका

मी आणि माझे दोन मित्र येतो. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

पेशवेपार्क

मी पुठ्ठे आणतो. वय झालंय, उचलणार नाही, पण क्रमांक लावून देईन.

मुठाकाठ

मी येते ते माझ्या बावीस तबकड्या घेऊन. तबकडीवाले भेटतील ना? उन्हात पाहिल्या, नऊंवर आकडे दिसले.

तबकडीवाला

भेटतो. भिंग आणतो.

हिरवाचाफा

या सगळे. आई म्हणतेय, खोक्यात भरायच्या आधी अडतीसपैकी शेवटच्या चार राहिल्यात, त्या सगळ्यांबरोबर ऐकू. पोहे करून ठेवते.